बैठ्या श्रमाचा इतिहास : नाशिकच्या संदर्भात

कारखानदारीच्या युगात बसणे हे विश्रांतीचे लक्षण मानले गेले. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी विसाव्यापुरती बसण्याची सोय करणे बंधनकारक केले. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस (१९२५) आणि पुढे सातपूरची औद्योगिक वसाहत यांमुळे कारखान्यांचे शहर बनलेल्या नाशिकमध्ये ही तरतूद अर्थपूर्ण होती.

तथापि बसणे हेही श्रमच ठरू शकते, ही जाण जुनी आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७१३ मध्ये लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे नोंदविली : सततची बैठक, हाताची एकसारखी हालचाल व मनावरील ताण. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) यांच्या स्थापनेनंतर राज्यभरातील विद्यार्थ्यांच्या नोंदींचे काम नाशिकमध्ये आले. असे काम आज संगणकावर चालते आणि रामाझिनींची तिन्ही कारणे तेथेही लागू पडतात.

भारतीय परंपरेतील उपाय म्हणजे अभ्यंग. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त तो नित्य करण्यास सांगितला असून मस्तक, कान व पाय यांवर विशेष भर दिला आहे. मर्दनाने आखडलेले स्नायू सैल होतात. परंतु पडदा डोळ्यांच्या पातळीत नसेल, पाठीला आधार नसेल व मधूनमधून उठण्याची मुभा नसेल, तर वेदना परतते. कामाची मांडणी शरीरास अनुरूप असावी, हे एर्गोनॉमिक्सचे सूत्र येथेच महत्त्वाचे ठरते.

मर्दनाचा वेळ व खर्च कर्मचाऱ्याचा असतो. खुर्ची, मेज आणि कामाचे तास संस्थेच्या हाती असतात. केवळ मर्दनावर विसंबणे म्हणजे संस्थेचे दायित्व कर्मचाऱ्यावर ढकलणे होय.