जमा आणि नावे

खोऱ्याने पैसा ओढणारी माणसं मी रोज काउंटरच्या पलीकडे पाहतो. काउंटरच्या अलीकडच्या माणसाला मात्र पगाराच्या दिवशीसुद्धा चमच्यानेच ओढावा लागतो. पण खोरं आणि पैसा यांचं नातं आपल्या वाक्प्रचारापुरतंच आहे असं समजू नका. डॉलर हा शब्दच मुळी एका खोऱ्यातून निघालेला आहे! हे खोरं माती ओढायचं नव्हे, डोंगरांच्या बेचक्यातलं.

आजच्या चेक प्रजासत्ताकात, जर्मनीच्या सीमेला लागून, याखिमॉव्ह नावाचं एक गाव आहे. जर्मन भाषेत त्याचं नाव योआखिमस्थाल. ‘थाल’ म्हणजे खोरं. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिथे चांदी लागली आणि १५२० च्या सुमारास तिथले श्लिक नावाचे सरदार चांदीची जाडजूड नाणी पाडू लागले. त्या नाण्याला लोक ‘योआखिमस्थालर’ म्हणत. आता एवढं लांब नाव घेईपर्यंत दुकानदार भाव वाढवायचा! लोकांनी पुढचा साधू कापून टाकला आणि नुसतं ‘थालर’ ठेवलं. डचांनी त्याचं ‘डालर’ केलं, इंग्रजांनी ‘डॉलर’, आणि १७९२ साली अमेरिकेने त्याच नावाची टांकसाळ घातली. माझा मेहुणा तिकडून सुट्टीवर आला की ‘तुमच्या रुपयात किती होतात’ असं विचारतो, तेव्हा तो एका खोऱ्याचं नाव घेतोय हे त्याला कळत नाही. मीही सांगत नाही. चॉकलेटं आणतो बिचारा.

या गावी १५२७ साली एक डॉक्टर येऊन राहिला. त्याचं नाव गेऑर्ग बावर. बावर म्हणजे शेतकरी. विद्वानाला असलं नाव शोभत नाही म्हणून त्याने त्याचं लॅटिन करून ‘अग्रिकोला’ असं घेतलं. शेतकरी तो शेतकरीच राहिला, फक्त वजन वाढलं. आमच्याकडे नाही का, शिपायाचा ‘सबऑर्डिनेट स्टाफ’ झाला, पगार तोच! या गृहस्थाने रोगी तपासता तपासता खाणीही तपासल्या आणि खाणकामावर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. तो वारला १५५५ साली आणि ग्रंथ छापून आला १५५६ साली. काहींच्या बढतीची ऑर्डर अशीच येते. पुढे १९१२ साली त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर एका खाण इंजिनियरने बायकोच्या मदतीने केलं. त्याचं नाव हर्बर्ट हूव्हर. हाच पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि १९२९ साली त्याच्या कारकिर्दीत शेअरबाजार असा कोसळला, की खाणीतला माणूसही वर पाहून हळहळला असेल.

तर अग्रिकोलाने खाणीतल्या मालवाहतुकीचं बारीक वर्णन केलं आहे. बोगद्यात फळ्या अंथरलेल्या, त्यांच्यावर चार चाकांची लाकडी पेटी. पेटीच्या बुडाला लोखंडी खुंटी, ती दोन फळ्यांमधल्या खाचेतून सरकते, म्हणून गाडी वाट सोडत नाही. आगगाडीच्या रुळांची ही आजीच म्हणा ना! आणि या गाडीचं नाव काय? तर ‘कुत्रा’! ढकलताना ती भुंकल्यासारखा आवाज करते म्हणून, असं अग्रिकोला सांगतो. जर्मन खाणीतल्या गाडीला हेच नाव पुढे टिकलं.

गाडीला कुत्रा म्हणणारी ही विनोदी माणसं धातूंना भुतांची नावं द्यायची. एक खनिज चांदीसारखं दिसायचं, पण भट्टीत घातलं की विषारी धूर. चांदी ‘कोबोल्ड’ने चोरली, म्हणजे आपल्या मुंज्यासारख्या खोडकर भुताने, असं ते म्हणायचे. त्यातून कोबाल्ट आलं. दुसरं तांब्यासारखं दिसायचं, तांबं मात्र गुंजभरही नाही. त्यात ‘निकेल’ नावाचा सैतान बसलाय म्हणे. पुढे स्वातंत्र्यानंतरचा आपला रुपया कैक वर्षं या सैतानाचाच होता. तो माझ्या खिशात का टिकत नसे, याचा उलगडा मला फार उशिरा झाला.

इथपर्यंत हसायला हरकत नाही. पण भुतं खोटी नव्हती हो. मुंज्याचा तो धूर म्हणजे सोमल, सरळ भाषेत आर्सेनिक. आणि त्याच योआखिमस्थालच्या खाणीत एक काळं जड खनिज निघायचं, पिचब्लेंड. १७८९ मध्ये त्यातून युरेनियमचा शोध लागला आणि १८९८ मध्ये क्युरी दांपत्याला रेडियम सापडलं. त्या खडकातून झिरपणारा रेडॉन वायू खाणकामगार शतकानुशतकं छातीत भरून घेत होते. अग्रिकोला लिहून गेला आहे, की कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या गावी सात-सात लग्नं केलेल्या बायका आढळतात. साती नवरे छातीच्या रोगाने गेलेले.

इंग्लंडमध्ये तर कुत्र्याचीही गरज उरली नाही. १५६० च्या दशकात जर्मन खाणकामगार तिकडे केस्विकला तांब्याच्या खाणींवर बोलावले गेले. पुढे कोळसा वाढला. उत्तरेकडच्या कोळसा खाणीतल्या गाडीला ‘ट्रॅम’ म्हणत. मुंबईत १८७४ पासून ३१ मार्च १९६४ पर्यंत आपण जिला लोंबकळलो ती हीच, वर उजेडात आलेली. पण खाली ती ओढणाऱ्याला ‘हरियर’ म्हणत आणि अंधारात बसून वाऱ्याचं दार उघडणाऱ्याला ‘ट्रॅपर’. हा ट्रॅपर कधी पाच-सहा वर्षांचा असे. १८३८ मध्ये यॉर्कशरच्या हस्कर खाणीत पाणी शिरून सव्वीस मुलं बुडाली. १८४२ च्या सरकारी चौकशीत छापलेली चित्रं पाहिली तर कमरेला पट्टा, दोन पायांमधून साखळी, आणि रांगत रांगत ओढणारी पोर दिसते. जर्मनीत गाडीला कुत्रा म्हणत होते. इथे चार पायांवर चालत होतं ते माणसाचं लेकरू. त्याच साली कायदा झाला आणि बायका, मुली व दहा वर्षांच्या आतले मुलगे खाणीतून वर आले.

आम्हा कॉमर्सवाल्यांना कुठल्याही गोष्टीची किर्द मांडायची खोड असते. या खात्याची जमा बाजू सगळ्यांना पाठ आहे: चांदी, डॉलर, निकेल, रेडियम, रूळ, ट्रॅम. दुसऱ्या बाजूला आपल्या वडीलधाऱ्यांनी ‘नावे’ हा शब्द का घातला असेल, ते मला या खाणींमुळे उमगलं. ज्यांच्याकडून ही सगळी रक्कम आली, त्यांची नावं तेवढी त्या बाजूला लिहायची राहून गेली. कुत्र्याचं आणि भुताचं नाव मात्र शाबूत आहे.