अक्रोडाचा आवाज

इ.स. १८०० च्या जानेवारी महिन्यात दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों परगण्यात जंगलाच्या कडेला एक मुलगा सापडला. वय अंदाजे अकरा-बारा. त्याला बोलता येत नव्हते. हाक मारली तरी तो वळून पाहत नसे. त्याला पॅरिस येथील मूकबधिरांच्या राष्ट्रीय संस्थेत आणले गेले. त्या काळचे नामवंत वैद्य पिनेल यांनी त्याला तपासले आणि हा मुलगा जन्मतःच मंदबुद्धी आहे, त्याच्यात सुधारणा होणे नाही, असा निर्वाळा दिला.

त्याच संस्थेत झां इतार नावाचा पंचविशीतला तरुण डॉक्टर काम करीत होता. त्याने या मुलाकडे बारकाईने पाहिले. पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला तरी मुलगा फारसा दचकत नसे. पण त्याच्या आवडीचा अक्रोड कोणी हळूच फोडला की तो चटकन मान वळवी. म्हणजे कान बंद नव्हते. ज्या आवाजाला त्याच्या जगण्यात काही अर्थ होता तोच आवाज त्याला 'ऐकू' येत होता. या मुलाचे नाव पुढे व्हिक्टर ठेवण्यात आले.

ही गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीच्या शिक्षकांना का सांगायची? कारण या जिल्ह्यांतील एखाद्या शाळेत पहिलीच्या वर्गात न बोलणारे मूल बसलेले असते, तेव्हा शिक्षकापुढे हाच प्रश्न उभा राहतो. हे मूल का बोलत नाही? त्याला ऐकू येत नाही? ऐकू येते पण बोलण्याच्या अवयवांत दोष आहे? समजायला वेळ लागतो? की ते घरी माडिया किंवा गोंडी बोलते आणि शाळेतली मराठी त्याला परकी आहे? बाहेरून चारही मुले सारखीच दिसतात: गप्प. पण प्रत्येकाला लागणारे साधन वेगळे. निदान चुकले तर चांगले साधनही वाया जाते आणि मुलाची वर्षेही.

इतारची पेटी

इतारने व्हिक्टरला शिकवण्यासाठी जी साधने बनवली, ती आज कोणत्याही विशेष शाळेत ओळखीची वाटतील. फळ्यावर वस्तूंची चित्रे काढायची आणि प्रत्येक चित्राखाली ती वस्तू टांगायची. मग वस्तू काढून घेऊन मुलाला जागच्या जागी लावायला सांगायची. लाल वर्तुळ, निळा त्रिकोण, काळा चौकोन असे कागदी आकार चिकटवून त्यांच्या जोड्या लावायच्या. पालथ्या पेल्यांखाली खाऊ लपवून लक्ष टिकवायला शिकवायचे. धातूची सुटी अक्षरे हाताळायची.

व्हिक्टर 'दूध' या अर्थाचा फ्रेंच शब्द सुट्या अक्षरांनी जुळवू लागला. एकदा ज्या घरी त्याला दूध मिळे तेथे जाताना त्याने ती चार अक्षरे आपणहून खिशात घालून नेली आणि टेबलावर मांडून दाखवली. साधन वर्गातून निघून मुलाच्या जगण्यात पोहोचले, तो हा क्षण.

पण इतारला हवे होते ते तोंडी बोलणे. तोच शब्द व्हिक्टर तोंडानेही उच्चारू लागला होता. मात्र मागताना नव्हे, तर दूध मिळाल्यावर, आनंदाने. त्यामुळे इतार निराश झाला. सुमारे पाच-सहा वर्षांच्या प्रयत्नानंतर त्याने काम थांबवले. १८२८ मध्ये व्हिक्टर वारला तोपर्यंत तो बोलू शकला नाही. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ज्या संस्थेत तो राहत होता तेथे बहिरी मुले सर्रास हातांच्या खुणांनी बोलत होती. ती खुणांची भाषा व्हिक्टरला शिकवण्याचा प्रयत्न इतारने केलाच नाही. साधने उत्तम होती. पण उद्दिष्ट शिक्षकाच्या आवडीचे होते, मुलाच्या शक्तीला साजेसे नव्हते. साधनांच्या इतिहासातील हा पहिला मोठा धडा.

पेटीचा प्रवास

इतारचा शिष्य एदुआर सेगाँ (१८१२–१८८०) याने या कामाची पद्धत बसवली. मंदगती मुलांसाठी त्याने आधी स्नायू, मग इंद्रिये आणि शेवटी विचार असा क्रम धरला. लाकडी फळीतील खाचांत आकार बसवण्याचे त्याचे साधन तर अजून आपल्याकडे वापरात आहे. मुलाच्या बौद्धिक वयाचा अंदाज घेण्यासाठी मानसशास्त्रज्ञ जो दहा आकारांचा लाकडी 'सेगाँ फॉर्म बोर्ड' पुढे ठेवतात, तो याच परंपरेतला.

१८९७ नंतर रोममध्ये मारिया माँटेसरी या तरुण डॉक्टर महिलेने वेड्यांच्या इस्पितळांत डांबलेली मुले पाहिली. तिने इतार आणि सेगाँ यांची पुस्तके स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढली, त्यांची साधने सुधारली आणि त्या मुलांना लिहा-वाचायला शिकवले. त्यांतील काही मुले सर्वसाधारण मुलांबरोबर सरकारी परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले. माँटेसरीबाईंच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न आला: मग धडधाकट मुले इतकी मागे का? १९०७ साली त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत 'बालगृह' उघडले आणि तीच साधने सर्व मुलांच्या हाती दिली.

म्हणजे आपल्या बालवाड्यांतील दट्ट्यांचे ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे, रंगांच्या पट्ट्या यांचे मूळ 'हुशार' मुलांच्या शाळेत नाही. ते न बोलणाऱ्या आणि मंदगती ठरवलेल्या मुलांच्या वर्गात आहे. विशेष मुलासाठी बनवलेले साधन सगळ्या वर्गाला उपयोगी पडते, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

भारतात ही पद्धत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० पासून रुजवली. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. स्वतः माँटेसरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या. पण त्यांची साधने महाग होती आणि ठरावीक मापाचीच लागत. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम करू लागल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे साधनांनी रूप बदलले. लाकडी मण्यांच्या जागी बिया आल्या, रंगीत पट्ट्यांच्या जागी पाने-फुले, ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले आणि खडे. तत्त्व तेच राहिले: एका वेळी एकच गुण बदलावा, चूक मुलाला स्वतःला दिसावी आणि हाताने करता यावे. रोमची पेटी जंगलात आली ती अशी.

आपल्याकडचा दुसरा प्रवाह

याच काळात विशेष शाळांचा एक स्वतंत्र प्रवाह वाहत होता. बहिऱ्या मुलांसाठी भारतातली पहिली शाळा मुंबईत १८८४-८५ च्या सुमारास निघाली. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या परिषदेने बहिऱ्या मुलांना खुणांनी नव्हे, तोंडी पद्धतीनेच शिकवावे असा ठराव केला होता. त्याची छाया जगभरच्या शाळांवर पुढची शंभर वर्षे राहिली. ओठ वाचणे, घशावर हात ठेवून कंप ओळखणे, आरशासमोर उच्चार करणे यांसाठीची साधने वाढली; खुणांची भाषा मात्र वर्गाबाहेर, वसतिगृहाच्या अंगणात राहिली. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत राष्ट्रीय संस्था स्थापन झाली ती २०१५ मध्ये. तिच्या शब्दकोशाची ३००० शब्दांची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि २०२१ पर्यंत ही संख्या १०,००० वर गेली.

अंधांच्या बाबतीत वेगळी अडचण होती. आपल्याकडे एकाच काळात अनेक ब्रेल लिप्या चालत होत्या. १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' स्वीकारली गेली, तेव्हा मराठीसह भारतीय भाषांना एक समान संकेत मिळाला. साधन मुलाच्या हाती पडण्यापूर्वी त्याचे प्रमाण ठरावे लागते, ते असे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे केले. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. पुढे याच परिसरात अंध आणि मूकबधिर मुलांच्या निवासी शाळा सुरू झाल्या. दूरच्या खेड्यांतील पालकांपुढे मात्र कठीण निवड उरली: मुलाला घरापासून लांब ठेवायचे, की गावच्या शाळेत साधनांवाचून बसू द्यायचे?

१९७३ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. (तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला.) तेथली पहिली अडचण औषधांच्या आधी भाषेची होती. त्यांना माडिया शिकावी लागली. १९७६ मध्ये तेथे शाळा निघाली तेव्हा हाच प्रश्न शिक्षकांपुढे आला. माडिया ही द्राविडी कुळातील भाषा आहे. मराठीशी तिचे नाते नाही. तेव्हा माडिया मूल मराठी वर्गात गप्प बसते, हा वाचादोष नव्हे. घरी ते भावंडांशी भरभरून बोलत असेल, तर ते अक्षम नाही. अक्षम आहे ती आपली चाचणी.

कायद्याने काय बदलले

अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची केंद्र सरकारची योजना १९७४ ची. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; त्यांत वाचा आणि भाषा यांना स्वतंत्र स्थान नव्हते. ते मिळाले २०१६ च्या कायद्यात. या कायद्याने प्रकारांची संख्या २१ केली आणि 'वाचा व भाषा अक्षमता' तसेच 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' यांना मान्यता दिली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा आणि अंगणवाड्यांत तपासणीसाठी येतात. साहित्यही येते. तरीही कोणते साधन कोणत्या मुलाला द्यायचे हे अखेर वर्गशिक्षकालाच पाहावे लागते.

निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, ऐकू येते का? नुसती टाळी वाजवून पाहणे पुरेसे नाही. काही मुलांना ढोलासारखे खालच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात, पण 'स', 'श' हे उंच पट्टीचे ध्वनी येत नाहीत. अशी मुले हाकेला ओ देतात आणि तरी शब्द अर्धेच ऐकतात. डॅनियल लिंग या तज्ज्ञाने सुचवलेले सहा ध्वनी शिक्षकालाही वापरता येतात: म, ऊ, आ, ई, श, स. तोंड झाकून, मुलाच्या मागे दोन-तीन पावलांवर उभे राहून एकेक ध्वनी उच्चारावा; ऐकू आला की मुलाने डब्यात एक बी टाकावी. ध्वनींमधले अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवावे, म्हणजे मूल अंदाजाने बी टाकणार नाही. एखादा ध्वनी वारंवार सुटला तर मुलाला तपासणीसाठी पाठवावे. वाहणारा कान आणि मेंदूचा मलेरिया होऊन गेल्याचा इतिहास, या दोन गोष्टी पालकांना आवर्जून विचाराव्यात. गडचिरोलीत मलेरियाचा प्रादुर्भाव मोठा आहे आणि मेंदूच्या मलेरियातून वाचलेल्या काही मुलांत ऐकण्या-बोलण्याचे दोष मागे राहतात.

दुसरी गोष्ट, घरची भाषा. चित्रकार्डे दाखवण्यापूर्वी ती वस्तू मुलाने पाहिली आहे का हे पाहावे. जहाज ओळखले नाही म्हणून मूल मागासलेले ठरत नाही. मोहफूल, तेंदूपाने, बांबूची टोपली, रानडुक्कर यांची चित्रे दाखवा आणि माडिया किंवा गोंडी जाणणाऱ्या मोठ्या मुलाला जवळ बसवा. घरच्या भाषेतही मूल वयाच्या मानाने बोलत नसेल, तरच वाचादोषाचा विचार करावा.

तिसरी गोष्ट, साधन टिकेल का, दुरुस्त होईल का? श्रवणयंत्राच्या छोट्या बॅटरीचे आयुष्य एक-दोन आठवड्यांचे असते. मूल वाढते तसा कानात बसणारा साचा बदलावा लागतो. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून दूर, आणि पावसाळ्यात पुरामुळे रस्ता वर्षानुवर्षे तुटत आला आहे. बॅटरीची सोय न करता दिलेले यंत्र ट्रंकेत जाते. त्याच्या जोडीला खुणा आणि चित्रे हवीतच. खुणा वापरल्याने मूल बोलायचे थांबते ही भीती निराधार आहे.

चौथी गोष्ट, आजूबाजूचे साहित्य. या जिल्ह्यांत बांबू मुबलक आहे. कमीजास्त जाडीची दहा कांडी कापून घेतली की माँटेसरीच्या दट्ट्यांच्या संचाचे काम होते. बुरडकाम करणारा गावातला कारागीर ती घासून गुळगुळीत करून देईल. मात्र एक सावधगिरी हवी. गुंजा दिसायला सुंदर असल्या तरी विषारी असतात; वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलांच्या वर्गात त्या आणू नयेत. लहान बियांनी श्वास अडकण्याचा धोकाही असतो.

आणि शेवटी, साधन कोणासाठी? उच्चार स्पष्ट नसलेले मूल चित्रावर बोट ठेवून पाणी मागत असेल, तर ते बोललेच आहे. तेथे त्याला अडवून 'आधी नीट म्हण' असा आग्रह धरणे म्हणजे इतारची चूक पुन्हा करणे.

आपल्या वर्गातील गप्प मुलासाठी एक साधा प्रयोग करून पाहा. त्याच्या घरी जा आणि कोणत्या आवाजाला ते मान वळवते याची नोंद करा. इथे तो अक्रोडाचा नसेल. दगडावर चारोळी फोडल्याचा असेल, बकरीचा असेल किंवा आईने माडियात मारलेल्या हाकेचा. त्या आवाजापासून शिकवायला सुरुवात करता येते. आणि कोणत्याच आवाजाला मान वळली नाही, तर पुढच्या पथकाची वाट न पाहता मुलाला कानांच्या तपासणीसाठी पाठवा.