व्यापारी संदेशवहन व स्वयंचलित कार्यप्रवाह

व्यापारातील भाव, मागणी, पोच, येणे-देणे यांविषयीचे निरोप एका पक्षाकडून दुसऱ्याकडे पोहोचविणाऱ्या व्यवस्थेस ‘व्यापारी संदेशवहन’ म्हणतात. निरोप मिळताच नोंद, हिशेब, पावती, रवानगी यांसारखी पुढील कामे ठरलेल्या क्रमाने मानवी हस्तक्षेपावाचून घडून येत असल्यास त्या साखळीस ‘स्वयंचलित कार्यप्रवाह’ ही संज्ञा आहे. संगणकाला अक्षरांत टंकलिखित आज्ञा देऊन काम करून घेण्याच्या पद्धतीस ‘आदेशपंक्ती’ म्हणतात. या तिन्हींची सांगड विसाव्या शतकाच्या अखेरीस पडली. निरोप पोहोचणे आणि त्यानुसार काम घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव मात्र पुष्कळ जुनी आहे.

पूर्वेतिहास : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव गुरांच्या आठवडे बाजारासाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. गुरांच्या बाजारात हेडी व गिऱ्हाईक उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. या ‘हत्ता’ पद्धतीत निरोप, त्याचे उत्तर व सौदा ही तिन्ही एकाच वेळी पुरी होत. मात्र भोवतालच्यांना, आणि मध्यस्थ असल्यास खुद्द मालकालाही, खरा भाव कळेलच असे नसे. शेतमालाच्या नियंत्रित बाजारपेठांविषयीच्या कायद्यांनी (मुंबई इलाख्यात १९३९, महाराष्ट्रात १९६३) उघड लिलावाचा पुरस्कार केला, त्यामागे हेच कारण होते.

काष्टी हे दौंड–मनमाड लोहमार्गावरील स्थानक आहे. हा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. एकेरी लोहमार्गावर दोन स्थानकांदरम्यान एका वेळी एकच गाडी असावी लागते. त्यासाठी मागील स्थानकाने तारेने विचारणा करावयाची व पुढील स्थानकाने ‘लाइन क्लिअर’ द्यावयाची, असा नियम होता. भारतातील एकेरी मार्गांवर पुढे सर्रास वापरात आलेल्या नील यांच्या गोलक-टोकन यंत्राने हा निरोप थेट कृतीला जखडून टाकला. पुढील स्थानकाच्या संमतीवाचून मागील यंत्रातून धातूचा गोलक बाहेर पडत नसे, गोलक हाती आल्याखेरीज चालक गाडी सोडीत नसे आणि तो गोलक पुढील यंत्रात जमा होईपर्यंत दुसरा गोलक निघत नसे. निरोप, उत्तर, कृती व पोच यांची अशी अतूट साखळी हा स्वयंचलित कार्यप्रवाहाचा उत्तम आद्य नमुना होय.

व्यापारी तारेला असे भाग्य लाभले नाही. भारतात १८५५ मध्ये तारसेवा जनतेस खुली झाली. १८६५ मध्ये यूरोपशी तारेचा संबंध जोडला गेला आणि १८७० मध्ये मुंबई–सुएझ सागरी तार कार्यान्वित झाली. मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांना परदेशचे भाव काही तासांत मिळू लागले. शब्दागणिक आकार पडत असल्याने एका शब्दात संपूर्ण वाक्य सामावणारे संकेतकोश प्रचारात आले. सामान्य ग्राहकांसाठी तारखात्याने शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिले होते. ग्राहकाने केवळ क्रमांक लिहावा व पलीकडे पूर्ण वाक्य उमटावे, अशी ती सोय होती. आजच्या ‘साचेबंद संदेशा’चे मूळ येथे दिसते. सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

आदेशपंक्तीचा उदय : बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्स या प्रणालीत लहान लहान आज्ञावली सुट्या लिहून त्या परस्परांस जोडण्याची प्रथा पडली. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये तीत ‘पाइप’ ही सोय आली. तिच्यामुळे एका आज्ञावलीचे फलित दुसरीला थेट पुरविता येऊ लागले. ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालविणारी ‘क्रॉन’ ही आज्ञावलीही याच परंपरेतील होय.

संदेशसेवेशी या साधनांचा संबंध कसा आला, याचा इतिहास मनोरंजक आहे. स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांना संगणकीय गप्पाकक्षातील मंडळींना चलनांचे विनिमय दर आपोआप पुरवावयाचे होते. त्यासाठी जालावरून दर आणणारी एक छोटी आज्ञावली त्यांनी हाती घेतली व वाढविली. तीच १९९८ मध्ये ‘कर्ल’ या नावाने प्रसिद्ध झाली. व्यापारी भाव संदेशसेवेत पोहोचविणे हाच तिचा मूळ हेतू होता. आज ती जगभर असंख्य यंत्रांत वापरली जाते.

जोडणीची पद्धत : व्हॉट्सॲप या सेवेने ऑगस्ट २०१८ मध्ये मोठ्या व्यवसायांसाठी यंत्राद्वारे संदेश पाठविण्याची सोय उपलब्ध केली. मे २०२२ मध्ये कंपनीच्याच संगणकांवर चालणारी तिची आवृत्ती खुली झाली. जोडणीसाठी आदेशपंक्तीत चार गोष्टी लागतात : सेवेचा जालपत्ता, व्यवसायाची ओळख पटविणारे टोकन, प्राप्तकर्त्याचा क्रमांक व संदेशाचा मजकूर. ग्राहकाच्या अखेरच्या संदेशानंतर चोवीस तासांपर्यंत मुक्त मजकूर पाठविता येतो. एरवी पूर्वसंमत साचाच वापरावा लागतो व त्यातील रिकाम्या जागा भराव्या लागतात.

आज्ञा दिल्यावर सेवा तत्काळ एक ओळखक्रमांक परत करते. ही केवळ स्वीकृती होय. संदेश प्रत्यक्ष पोहोचला वा वाचला गेला, ही वार्ता नंतर येते. ती घेण्यासाठी व्यवसायाला आपला एक जालपत्ता सदैव जागा ठेवावा लागतो. या व्यवस्थेस ‘वेबहुक’ म्हणतात. ग्राहकाचे उत्तरही याच वाटेने येते व तेथून पुढील आज्ञावली चालू होतात. एकच वार्ता दोनदा येण्याचा संभव असल्याने ओळखक्रमांक पडताळूनच नोंद करावी लागते. अन्यथा एकाच व्यवहाराच्या दोन पावत्या निघतात. टोकन आज्ञेतच लिहिल्यास ते आज्ञांच्या इतिहासात उघडे राहते आणि ते ज्याच्या हाती पडेल त्याला व्यवसायाच्या नावाने बोलता येते. म्हणून ते निराळे व सुरक्षित ठेवतात.

महाराष्ट्रातील अनुभव : २००७ मध्ये ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ या सेवेने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना भ्रमणध्वनीवर मराठीतून बाजारभाव व हवामान कळविण्यास सुरुवात केली. मार्सेल फाफशाँ व बार्ट मिंटेन यांनी राज्यातील शंभर गावांत तिच्या परिणामांचा अभ्यास केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार या संदेशांमुळे शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरासरी भावात लक्षणीय फरक पडला नाही. भाव कळला तरी माल कोठे न्यावयाचा, कोणाला विकावयाचा व पैसे केव्हा हाती येणार, या गोष्टी त्या निरोपाशी जोडलेल्या नव्हत्या, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

याउलट, जोडणी घट्ट असताना एक दुवा निखळल्यास काय होते, याचा प्रत्यय ८ मार्च २०२१ रोजी आला. व्यापारी लघुसंदेशांचे साचे पूर्वनोंदणीशी ताडून पाहण्याचा नियम त्या दिवशी देशभर अंमलात येताच नोंदणी अपुरी असलेले असंख्य संदेश अडले. बँकांचे एकवेळचे संकेतांक पोहोचेनात व व्यवहार खोळंबले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दुसऱ्याच दिवशी ही तपासणी सात दिवस स्थगित केली.

पशुबाजारांतही नोंदव्यवस्था आता आकारास येत आहे. लंपी चर्मरोगाच्या साथीमुळे सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई झाली. काष्टीसारख्या बाजारात एखादी गाय विकली गेली असता बिल्ल्याचा क्रमांक, नव्या मालकाचे नाव, लसीकरणाची नोंद व सौद्याची रक्कम एकाच संदेशाने संबंधितांस कळविणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. उपर्युक्त चार गोष्टींची एक आज्ञा त्यास पुरते.

मूल्यमापन : रुमालाखालच्या खुणेत दोन्ही हातांना भाव ठाऊक असे, गोलक-यंत्रात दोन्ही स्थानकांची संमती लागे. स्वयंचलित कार्यप्रवाहात मात्र आज्ञा लिहिणारा पक्ष एकच असतो. नोंद चुकली, रक्कम कमी पडली किंवा बिल्ल्याचा आकडा बदलला, तर ‘हे मला मान्य नाही’ असे विकणाऱ्याने कोठे कळवावयाचे, याची तरतूद आज्ञावलीत आधीच केलेली नसल्यास त्याचे उत्तर कोणत्याही कामाला चालना देत नाही. म्हणून अशी जोडणी करताना जाणाऱ्या निरोपाइतकीच येणाऱ्या उत्तराची वाट काळजीपूर्वक आखणे, शंकास्पद नोंद माणसापुढे ठेवणे आणि त्याच्या संमतीपर्यंत पुढील काम थांबविणे आवश्यक असते. एकेरी मार्गावर ‘लाइन क्लिअर’ मिळेपर्यंत गाडी उभी राही, ती याच तत्त्वानुसार होय.