आगगाडींतील एक संभाषण

पुण्याहून पौडमार्गें मुळशीच्या तलावाकडे निघालें आणि माले गांवच्या बाजूला जाणाऱ्या एस. टी. च्या गाडींत जागा मिळाली, कीं बोलण्यासाठीं निराळें निमित्त शोधावें लागत नाहीं. शेजारचा मनुष्य प्रथम गांव विचारतो, मग आडनांव विचारतो, आणि पुढें पाऊसपाणी, भाताची आवणी, धरणाखालीं गेलेल्या जमिनी, मुलांच्या नोकऱ्या अशा साऱ्या विषयांवरून बोलणें फिरून येतें. परंतु एका विषयापाशीं तें हमखास अडखळतें. आपण ज्या देवाला मानतों त्याला कां मानतों, हा प्रश्न परक्याला तर राहोच, वीस वर्षांच्या मित्रालाही आपण विचारीत नाहीं. त्याच्या धर्माविषयीं विचारावें तर तो दुखावेल, आणि आपल्या धर्माविषयीं सांगावें तर आपण त्याला बाटवावयास निघालों असें त्याला वाटेल, अशी ही दुहेरी भीति आहे. ख्रिस्ती धर्माच्या बाबतींत तर ती महाराष्ट्रांत फार जुनी आहे, आणि सर्वस्वीं निष्कारणही नाहीं. ती कशी उत्पन्न झाली, आणि ती असतांनाही दोन माणसांमध्यें एक संभाषण कसें घडून आलें, हें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

एकोणिसाव्या शतकांत मराठी मुलखाला ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती पुष्कळ अंशीं वादाच्या मार्गानें. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ सालीं मुंबईस आले, आणि पुढच्या एकदोन वर्षांतच मोरभट दांडेकर यांच्याशीं त्यांचा धर्मविषयक वाद जुंपला. १८५७ सालीं विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं उघड सभेंत वाद करीत असत, आणि तो ऐकण्यास लोकांची गर्दी लोटत असे. या वादांनीं मराठी गद्याला युक्तिवादाची धार आणली हें खरें. परंतु वादांत प्रतिपक्षी बोलत असतां आपण त्याचें ऐकत नसतों. आपण आपलें उत्तर जुळवीत असतों. सभा संपली म्हणजे दोन्हीं पक्ष आपापल्या घरीं जात, आणि जातांना मनांत घेऊन जात तें आपलेंच मत, थोडें अधिक तापलेलें.

वादाला बैठकीचा पर्याय होता. पण बैठकीलाही आपल्याकडे मोल द्यावें लागे. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्यांतील कांहीं प्रतिष्ठित गृहस्थ पंचहौद मिशनच्या निमंत्रणावरून एका समारंभास गेले. व्याख्यान झालें, आणि नंतर चहाबिस्किटें पुढें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी केवळ पेल्याला हात लावला, कोणी तेवढेंही केलें नाहीं. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें-वैभव’ पत्रांत छापवून आणलीं, आणि शहरांत ग्रामण्याचें वादळ उठलें. त्या यादींत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखलेही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ सालीं रानड्यांसारख्या पुरुषानेंही प्रायश्चित्त घेतलें. एका पेल्याची ही किंमत! ज्या गांवांत मिशनऱ्याच्या घरचा चहा इतका महाग पडतो, त्या गांवांत मिशनऱ्याशीं मोकळ्या मनानें बोलावयास कोण बसणार?

दुसरी बाजूही तितकीच विचार करण्यासारखी आहे. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन काढलें, आणि पुढें तें पुण्यास आणलें. रमाबाई स्वतः १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या होत्या; परंतु सदनांत धर्मशिक्षण दिलें जाणार नाहीं, या भरंवशावर लोकांनीं आपल्या विधवा मुली तेथें पाठविल्या. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत आणि खोलीचें दार उघडें ठेवीत. कांहीं मुली त्या दारांतून आंत येऊन बसूं लागल्या. मीं कोणास बोलावलें नाहीं, आणि येणारीस घालवूनही दिलें नाहीं, असें रमाबाईंचें म्हणणें होतें. १८९३ सालीं यावरून गहजब झाला. रानडे व डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं, आणि त्यांनीं त्या मुलींसाठीं जें केलें त्याला तोडही नाहीं. तथापि प्रश्न उरतोच. जिचें अन्न, वस्त्र आणि आश्रय आपल्या हातीं आहे, तिच्यासाठीं उघडें ठेवलेलें दार हें केवळ दार असतें काय? आणि उलटपक्षीं, स्वतःच्या प्रार्थनेचें दार स्वतःच्या घरांत लावून घेण्यास कोणाला सांगतां येईल काय? दोन्हीं प्रश्न खरे आहेत, आणि एकानें दुसऱ्याचें निरसन होत नाहीं.

ज्या १८९३ सालीं पुण्यांत हें चाललें होतें, त्याच सालीं नागपुराकडून राजनांदगांवास जाणाऱ्या आगगाडींत एक तरुण ब्राह्मण कवि बसला होता. नारायण वामन टिळक हें त्याचें नांव. जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. संस्कृताचा व्यासंग, कवितेचें वेड, स्वभाव उतावळा आणि एका जागीं न टिकणारा. नागपुरास अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानें कांहीं ग्रंथकार्य केल्यावर तो आतां नांदगांव संस्थानांत नोकरीसाठीं चालला होता. जातिभेदाविषयीं त्याच्या मनांत पूर्वींपासूनच असंतोष होता, आणि सर्वांना एकत्र आणील असा धर्म कोणता, हा विचार त्याला स्वस्थ बसूं देत नव्हता.

डब्यांत एक युरोपीय प्रवासी होता. त्या काळीं गोऱ्या मनुष्याच्या डब्यांत शिरलेल्या देशी मनुष्याला कोणत्या वागणुकीची अपेक्षा असे, हें सांगावयास नको. या गृहस्थानें मात्र त्याला आदरानें जागा करून दिली, आणि गोष्टी सुरू झाल्या त्या संस्कृत काव्याच्या. म्हणजे ज्या विषयांत टिळक जाणते होते आणि पाहुणा जिज्ञासु होता, त्या विषयाच्या. ओळख वाढल्यावर बोलणें धर्माकडे वळलें. त्या गृहस्थानें टिळकांना ‘नव्या करारा’ची एक प्रत दिली, ती वाचण्याचें वचन घेतलें, आणि तुम्ही दोन वर्षांच्या आंत ख्रिस्ती व्हाल असें भाकीतही केलें. टिळकांना तें भाकीत तेव्हां अशक्य कोटींतलें वाटलें. पण दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनीं पुस्तक उघडलें, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर त्यांना तें खालीं ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथवर ही कथा कोणाही प्रचारकाला आवडेल अशी आहे. परंतु इतिहासाला येथें थांबतां येत नाहीं. परक्या प्रवाशाशीं इतकें मनमोकळें बोललेल्या या मनुष्यानें आपल्या पत्नीशीं मात्र तेवढें बोलणें केलें नाहीं. लक्ष्मीबाईंना बाप्तिस्म्याची बातमी कळली ती गोष्ट होऊन गेल्यावर. तिचा त्यांच्यावर काय परिणाम झाला, हें १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या त्यांच्या आत्मकथनांत ज्यांनीं वाचलें आहे, त्यांना तें पुन्हा सांगणें नको. पदरीं लहान मूल, नवरा जिवंत असून अंतरलेला, नातेवाईक रडणारे. कांहीं वर्षें दोघे वेगळे राहिले. पुढें लक्ष्मीबाई नगरच्या बाजूस आल्या, तरी प्रथम आपलें सोंवळें त्यांनीं सोडलें नाहीं, आणि टिळकांनींही तें सोडण्याची सक्ती केली नाहीं. उतावळ्या स्वभावाच्या या माणसाला वाट पाहणें येथें शिकावें लागलें. जातिभेद देवानें निर्मिलेला नव्हे, या निर्णयाला लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्याच विचारानें. आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वादानें नव्हे, सक्तीनें नव्हे, नवऱ्यामागून जावें म्हणूनही नव्हे. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें तेव्हां तें पुरें करण्याचें काम पुढें याच लक्ष्मीबाईंनीं अंगावर घेतलें.

आणखी एक नांव येथें घेतलें पाहिजे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, हे नगरास टिळकांच्या घरीं राहिले. त्या घरांत प्रार्थना होत, भजनें होत, आणि घरचा धनी तर आतां दीक्षित पाळक होता. बालकवींवर टिळक पतिपत्नीचा मुलासारखा जीव होता. तथापि बालकवि ख्रिस्ती झाले नाहींत, आणि त्यामुळें त्या घरचें त्यांचें ताट कधीं उचललें गेलें नाहीं. माझ्या मतें टिळकांच्या श्रद्धेची खरी कसोटी आगगाडींत लागली नाहीं. ती नगरच्या त्या स्वयंपाकघरांत लागली. ज्याला आपला विश्वास पटला त्याच्यावर प्रेम करणें अवघड नाहीं. ज्याला तो पटला नाहीं, त्याच्याशीं दुसऱ्या दिवशींही कवितेविषयीं तितक्याच ओढीनें बोलतां आलें पाहिजे. अखेरच्या दिवसांत, १९१७ सालीं, टिळकांनीं ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले या दोघांनाही स्थान ठेवलें, तें या अनुभवाशीं सुसंगतच होतें. ९ मे १९१९ रोजीं त्यांचें निधन झालें.

या साऱ्या हकीकतींतून निघतें तें थोडक्यांत असें. १८९३ च्या त्या डब्यांत दोघे प्रवासी बरोबरीनें बसले होते. एकाचें पोट दुसऱ्याच्या हातीं नव्हतें. बोलणें सुरू झालें तें सांगणाराच्या धनापासून नव्हे, ऐकणाराच्या धनापासून. आणि पुस्तक दिल्यावर तें वाचावें कीं नाहीं, वाचून काय ठरवावें, हें सर्वस्वीं टिळकांच्या स्वाधीन राहिलें. भाकीत करण्याचा मोह त्या गृहस्थाला आवरला नाहीं, हें मात्र खरें, आणि तेवढ्यापुरतें त्याचें अनुकरण करूं नये असें मी सुचवीन. मित्राचें मन कोठल्या दिवशीं कोठें पोहोंचेल, याचें वेळापत्रक आपल्यापाशीं नसतें.

माल्याच्या गाडींत शेजारी बसलेल्या मनुष्याला त्याच्या देवाविषयीं विचारावयाचें असेल, तर आधीं त्याच्या भाताविषयीं विचारावें, आणि तें खरोखर जाणून घेण्यासाठीं विचारावें. मग तो आपल्याला आपल्या देवाविषयीं विचारील किंवा विचारणार नाहीं. विचारलें तर खरें सांगावें. न विचारलें तर त्याच्या भाताची गोष्ट पुरी ऐकून घ्यावी.