‘क्लॅट’ची तयारी : १२० मिनिटांचा हिशेब

पदवी पदरात पडल्यावर पुढे काय, या प्रश्नाला उत्तर सापडले नाही की लॉ कॉलेजात नाव घालायचे, अशी एकेकाळची रीत होती. १९८७ मध्ये बंगळुरू येथे नॅशनल लॉ स्कूलची स्थापना झाली. बारावीनंतर पाच वर्षांचा सलग, निवासी अभ्यासक्रम तेथे सुरू झाला आणि हे चित्र हळूहळू पालटले. त्या धर्तीवर अन्य राज्यांतही राष्ट्रीय विधी विद्यापीठे उभी राहिली. प्रत्येकाची प्रवेश परीक्षा मात्र वेगळी होती. एकाच उन्हाळ्यात अनेक अर्ज, अनेक शुल्के आणि अनेक शहरांचे प्रवास विद्यार्थ्यांच्या वाट्याला येत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ मध्ये सात विद्यापीठांसाठी मिळून पहिली सामाईक परीक्षा झाली. तीच ‘कॉमन लॉ अ‍ॅडमिशन टेस्ट’ अर्थात ‘क्लॅट’. आज वीसहून अधिक राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश या परीक्षेतून होतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचाही त्यात समावेश आहे. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र ‘आयलेट’ ही स्वतंत्र परीक्षा घेते.

बदललेले स्वरूप

सुरुवातीची अनेक वर्षे ‘क्लॅट’मध्ये दोन तासांत २०० सुटे प्रश्न सोडवावे लागत. पाठांतर आणि झपाटा यांच्या बळावर त्यात निभाव लागत असे. २०२० मध्ये प्रश्नपत्रिकेचा साचा बदलला. सुट्या प्रश्नांच्या जागी उतारे आणि त्यांवर आधारित १५० प्रश्न आले. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून प्रश्नांची संख्या १२० वर आली. वेळ मात्र पूर्वीइतकाच, म्हणजे १२० मिनिटांचा राहिला.

प्रश्नपत्रिकेचे पाच विभाग असतात. चालू घडामोडी व सामान्यज्ञान आणि कायदेविषयक तर्क या दोन विभागांत प्रत्येकी २८ ते ३२ प्रश्न असतात. इंग्रजी आणि तर्कक्षमता यांवर प्रत्येकी २२ ते २६, तर गणितावर १० ते १४ प्रश्न येतात. बरोबर उत्तरास एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. परीक्षा केंद्रावर जाऊन कागदावर द्यायची असते व उत्तरे ओएमआर उत्तरपत्रिकेवर नोंदवायची असतात. विभागांना स्वतंत्र वेळ नेमून दिलेला नसल्याने कोणता विभाग आधी घ्यायचा, हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते. दोघांचे गुण समान झाल्यास कायदेविषयक विभागात अधिक गुण असणारा वर जातो.

वाचनाचा वेग हीच खरी कसोटी

१२० प्रश्नांना १२० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, असा हिशेब अनेक विद्यार्थी करतात. तो फसवा आहे. गणित वगळता उरलेल्या चार विभागांतील उतारे साधारण ४५० शब्दांचे असतात. एका उताऱ्यावर पाच प्रश्न धरले तर सुमारे २२ उतारे, म्हणजे जवळपास दहा हजार शब्द केवळ वाचावे लागतात. मिनिटाला १५० शब्द वाचणाऱ्याची ६७ मिनिटे वाचनातच जातात. त्याच्या हाती प्रत्येक प्रश्नासाठी जेमतेम २६-२७ सेकंद उरतात. मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्यास ३५ सेकंद, तर २५० शब्द वाचणाऱ्यास ४० सेकंद मिळतात. प्रश्न वाचणे, चार पर्याय तोलणे आणि वर्तुळ रंगवणे हे सारे तेवढ्यातच आटोपायचे असते.

म्हणूनच तयारीचा पाया वाचनात आहे. रोज एका इंग्रजी दैनिकाचे संपादकीय पान घड्याळ लावून वाचावे आणि प्रत्येक लेखाचा मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहून काढावा. लेखकाचे म्हणणे काय, त्याचा आधार कोणता आणि त्याने काय गृहीत धरले आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक लेखाला विचारण्याची सवय लागली की इंग्रजी आणि तर्कक्षमता या दोन्ही विभागांची तयारी एकदमच होते. ओठ हलवत वाचणे आणि पुन:पुन्हा मागच्या ओळीवर जाणे या दोन खोडी मोडल्या तरी वेगात फरक पडतो. मात्र आकलन सोडून नुसता वेग वाढवण्यात अर्थ नाही. उतारा दुसऱ्यांदा वाचावा लागला तर वाचवलेला सगळा वेळ खर्ची पडतो.

कायदा पाठ करण्याची परीक्षा नव्हे

कायदेविषयक विभागाचे नाव ऐकून विद्यार्थी कलमे पाठ करू लागतात. प्रत्यक्षात तेथे कायद्याचे पूर्वज्ञान गृहीत धरलेले नसते. नियम उताऱ्यातच दिलेला असतो व तो नव्या प्रसंगाला लावून दाखवायचा असतो.

समजा, उताऱ्यात असे म्हटले आहे : अज्ञान व्यक्तीने केलेला करार रद्दबातल असतो. तिच्याकडून कराराची रक्कम वसूल करता येत नाही. तथापि तिने वय खोटे सांगून वस्तू मिळवली असेल व ती वस्तू अद्याप तिच्याजवळ असेल, तर ती परत करावी लागते. प्रश्न असा की, सतरा वर्षांच्या मुलाने आपण एकोणीस वर्षांचे आहोत असे सांगून हप्त्यांवर लॅपटॉप घेतला आणि हप्ते थकवले. लॅपटॉप त्याच्याकडेच आहे. दुकानदाराला काय मिळेल? ‘अज्ञानाचा करार रद्दबातल’ एवढेच पाठ असलेला विद्यार्थी ‘काहीच नाही’ हा पर्याय निवडतो. उतारा नीट वाचणारा उत्तर देतो की हप्ते मिळणार नाहीत, लॅपटॉप मात्र परत मिळेल. ‘तथापि’, ‘परंतु’, ‘अपवाद’ अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची साधी सवय येथे गुण मिळवून देते. स्वत:चे मत, सहानुभूती आणि ऐकीव माहिती बाजूला ठेवून दिलेल्या नियमाशी प्रामाणिक राहणे, ही या विभागाची खरी मागणी आहे.

चालू घडामोडींचे गणित उलटे असते. तेथे केवळ उतारा वाचून बहुतेक उत्तरे मिळत नाहीत, विषयाची पार्श्वभूमी ठाऊक असावी लागते. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, ही एक बातमी झाली. तिच्यासोबत आणखी कोणते दोन कायदे बदलले आणि बदलाची कारणे काय सांगितली गेली, हेही टिपून ठेवले पाहिजे. महिन्याची टिपणे महिन्याच्या शेवटी उजळावीत. वर्षाचा ढीग शेवटच्या आठवड्यात उपसणे शक्य होत नाही.

सोडून देण्याचे शास्त्र

वेळेच्या परीक्षेत काय सोडवायचे याइतकेच काय सोडायचे, हेही महत्त्वाचे असते. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरीने एका प्रश्नामागे गुणाचा सोळावा भागच हाती लागतो. म्हणजे असे सोळा प्रश्न सोडवले तेव्हा कोठे एक गुण, तोही नशिबाने साथ दिली तर. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर सरासरी लाभ गुणाच्या सहाव्या भागावर जातो. दोन खोडता आले तर तो तीन-अष्टमांशावर पोहोचतो. तेव्हा दोन पर्याय बाद झाल्यास उत्तर द्यावे, एकही बाद होत नसल्यास पुढे जावे, हा व्यवहारी नियम ठरतो. एखाद्या प्रश्नावर दीड मिनिट गेले की त्याचा मोह सोडावा. अवघड प्रश्नाचा गुणही एकच असतो.

वेळेची ढोबळ विभागणी अशी करता येईल : चालू घडामोडी १२ मिनिटे, कायदेविषयक तर्क ३५, तर्कक्षमता २८, इंग्रजी २२ आणि गणित १३. उरलेली दहा मिनिटे राहून गेलेल्या प्रश्नांसाठी ठेवावीत. गणिताचे प्रश्न शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी अशा दहावीपर्यंतच्या भागावर असतात. भीतीने तो विभाग पूर्ण सोडणे परवडणारे नाही. वर्तुळे रंगवण्याचे काम शेवटासाठी राखून ठेवू नये. प्रत्येक उतारा संपताच त्याची उत्तरे नोंदवावीत. पेनाने रंगवलेले वर्तुळ बदलता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सराव परीक्षा आणि चुकांची वही

सराव परीक्षा किती दिल्या याला फारसे महत्त्व नाही. त्यांतून काय शिकलो, हे महत्त्वाचे. दोन तासांच्या सराव परीक्षेनंतर तेवढाच वेळ तिच्या तपासणीला द्यावा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर कारण लिहावे : उतारा चुकीचा समजला, दोन पर्यायांत गोंधळ झाला, माहितीच नव्हती की वेळ अपुरा पडला. महिनाभरात या वहीतून आपली खोड स्पष्ट दिसू लागते. अलीकडच्या वर्षांत परीक्षा दुपारी दोन ते चार या वेळेत होते. जेवणानंतरची ती सुस्तीची वेळ असल्याने निदान शेवटच्या महिन्यातील सराव त्याच वेळी आणि छापील ओएमआर पत्रिकेवर करावा.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी

‘क्लॅट’ची प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजीत असते. मराठी माध्यमाच्या हुशार मुलांना ही भिंत उंच वाटते आणि ती खरोखरच उंच आहे. त्यांना बुद्धीपेक्षा वाचनाच्या सवयीची उणीव जाणवते. म्हणून त्यांनी तयारी निदान अकरावीच्या प्रारंभी सुरू करावी. पहिले सहा महिने प्रश्नसंचांना हात न लावता केवळ इंग्रजी वाचनाला दिले तरी ते वाया जात नाहीत.

दुसरा मार्गही खुला असावा. राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होणारी विधी प्रवेश परीक्षा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत देता येते. तीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. १८५५ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आणि १९२४ पासूनचे पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय यांचे प्रवेश याच परीक्षेतून होतात. एका परीक्षेची तयारी दुसरीला उपयोगी पडते.

डिसेंबर आणि फेब्रुवारी

२०२२ पासून ‘क्लॅट’ डिसेंबरमध्ये होत आली आहे. बारावीची बोर्डाची परीक्षा त्यानंतर दोन-तीन महिन्यांत येते. अर्जासाठी बारावीत खुल्या प्रवर्गास ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुणांची अट आहे. वयाची कमाल मर्यादा नाही. दिवाळीपर्यंत महाविद्यालयाचा अभ्यास मार्गी लावून नोव्हेंबर महिना ‘क्लॅट’ला द्यावा आणि परीक्षा होताच निकालाची वाट न पाहता बोर्डाच्या पुस्तकांकडे वळावे, हे वेळापत्रक बहुतेकांना झेपणारे आहे. पालकांनीही दर रविवारच्या गुणांवरून घरातले वातावरण तापवू नये. एका सराव परीक्षेत दहा गुण घसरणे नेहमीचेच आहे, मुलाच्या वहीत त्या घसरणीचे कारण लिहिलेले आहे की नाही, एवढेच पाहावे.