ज्वारीची वर्गणी आणि दवाखान्यावरचा हक्क

जुन्या मराठी गावात सुगी झाली की खळ्यावर धान्याची रास पडे आणि राशीतून बलुतेदारांचा वाटा निघे. सुतार, लोहार, न्हावी यांच्याबरोबर त्यात मुलाणीही असे. वर्षभराच्या कामाचा मोबदला धान्यात चुकता होई. वर्धा जिल्ह्यात १९८०च्या सुमारास ही ओळखीची रीत एका नव्या कामाला लागली. गावकऱ्यांनी सुगीला ज्वारी दिली, ती दवाखान्यासाठी.

हा दवाखाना म्हणजे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. कस्तुरबा गेल्यानंतर, १९४५ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे स्त्रिया आणि मुलांसाठी १५ खाटांचे रुग्णालय उभे केले. पुढे त्या केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९मध्ये, त्याच रुग्णालयाला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात उभे राहिलेले हे वैद्यकीय महाविद्यालय होते. पण खेड्यात दवाखाना आहे म्हणून खेडूत त्यात पोचतोच असे नाही. बिलाची भीती, बुडणारी मजुरी आणि मोठ्या इमारतीचा दरारा या तीन गोष्टी दारातच अडवतात.

तेथील डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत जाऊन ग्रामसभेपुढे एक योजना मांडली. सुगीच्या वेळी, म्हणजे घरात धान्य असताना, प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडी. गावातली बहुतेक घरे सामील झाल्याशिवाय योजना सुरू करायची नाही, कारण फक्त आजारी माणसेच वर्गणी देऊ लागली तर निधी टिकत नाही. त्या बदल्यात गावातच आरोग्यसेवक, साधी औषधे, डॉक्टर आणि नर्सची फेरी. अचानक मोठे दुखणे आले तर सेवाग्रामला भरती होऊन मोफत उपचार. मोतीबिंदू, हर्निया अशा आधी कळणाऱ्या उपचारांसाठी बिलाचा काही भाग स्वतः भरायचा.

हे वाचताना मुस्लिम वाचकाला उश्र आठवेल. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा, आणि कष्टाने पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा हिस्सा गरजूंसाठी काढायचा, हा तो दंडक. ऐपत आणि कष्ट पाहून हिस्सा ठरवण्याचे तत्त्व दोन्हीकडे सारखे आहे. फरक एवढाच की उश्र देणारा आणि घेणारा वेगवेगळे असतात. ज्वारीच्या योजनेत भूमिहीन मजूरही आपल्या परीने देत होता. त्यामुळे तो दवाखान्यात याचक म्हणून नव्हे, सभासद म्हणून जाई. बलुत्यात जातीनुसार मान-अपमान ठरलेला होता. इथे जास्त ज्वारी देणाऱ्याला वेगळी रांग नव्हती.

मात्र या कथेतून चुकीचा धडा घेऊ नये. ज्वारीवर रुग्णालय चालत नव्हते. त्या संस्थेच्या खर्चाचा ५० टक्के भार केंद्र सरकार, २५ टक्के राज्य सरकार आणि उरलेला कस्तुरबा हेल्थ सोसायटी उचलत आली. ज्वारीतून गावातला आरोग्यसेवक आणि औषधे यांना हातभार लागला आणि गावाला जाब विचारण्याचा अधिकार मिळाला. इमारत, डॉक्टर, शस्त्रक्रिया यांसाठी सरकारी तिजोरीच लागली. ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे भोर समितीने १९४६मध्येच सांगितले होते. लोकांनी वर्गणी दिली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही.

आज वर्ध्याच्या शिवारात ज्वारी मागे पडली, सोयाबीन आणि कापूस पुढे आले. दवाखान्याच्या हिशेबातही बदल झाला. २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचारांचे पैसे रुग्णालयाला देते. तिने अनेक घरे कर्जातून वाचवली. पण तापाची गोळी, रक्तदाबाचे रोजचे औषध, उपकेंद्रातली रिकामी जागा यांचा इलाज तिच्यात नाही. आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे २०१७च्या धोरणात ठरले होते. तिथवर आपण पोचलेलो नाही.

आपल्या वस्त्यांत कुणी गंभीर आजारी पडले की जुम्याच्या नमाजनंतर चंदा होतो. लोक सढळ हाताने देतात. पण तेव्हा आजार बळावलेला असतो, आणि घरच्या कर्त्या माणसाला हात पसरावा लागतो. सेवाग्रामच्या गावांनी दुखणे येण्याआधी, धान्य घरात असताना, सगळ्यांनी मिळून तयारी केली. दान आणि हक्क यांतले अंतर इतकेच आहे. मदत गोळा करणे थांबवायचे कारण नाही. पण त्याच चार माणसांनी एकदा ग्रामसभेत उभे राहून आपल्या उपकेंद्राला औषधे किती आली आणि नर्स कधी येते, हेही विचारायला हवे.