पराभूत दैवतांचे शब्द

पराभूतांचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या ग्रंथांतूनच वाचावा लागतो. चार्वाकांचे मत जसे आपणांस प्रामुख्याने खंडनकर्त्यांच्या पूर्वपक्षातून कळते, तसेच भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील कनान देशाच्या दैवतांचे झाले. एल, अशेरा आणि बआल ही नावे जगाला शतकानुशतके ठाऊक होती ती मुख्यतः हिब्रू बायबलातून, म्हणजे त्यांच्या विरोधकांच्या मुखातून. आम्हीही अनेक वर्षे वर्गात 'बआल म्हणजे मूर्तिपूजकांचा खोटा देव' एवढेच सांगून पुढे जात असू. ही आमची चूक होती, असे आता वाटते.

१९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यालगत एका शेतकऱ्याला शेत नांगरताना प्राचीन थडगे सापडले. पुढील वर्षी क्लोद शेफर यांनी जवळच्या रास शाम्रा येथे उत्खनन आरंभले आणि इ. स. पू. ११८५ च्या सुमारास उद्ध्वस्त झालेले उगारित नगर उजेडात आले. तेथील मातीच्या पाट्यांवर ३० चिन्हांच्या कीलाकार लिपीत काव्ये कोरलेली होती. या काव्यांत बआल हा पर्जन्याचा, मेघांवर आरूढ होणारा देव आहे. तो समुद्ररूप यामचा पराभव करतो. परंतु मृत्युरूप मोत त्याला गिळतो आणि धरणी सुकते. मग अनात ही देवी मोतला तलवारीने चिरते, धान्यासारखी त्याची उफणणी करते, त्याला जाळते, दळते आणि शेतात विखुरते. बआल परततो. कोरडवाहू शेतकऱ्याची सारी भीती आणि आशा या कथेत एकवटली आहे.

एकेश्वरवादाने या तिन्ही दैवतांना एकाच मापाने मोजले नाही. देवांचा वृद्ध पिता एल हा सामावून घेतला गेला. त्याचे नाव 'देव' या सामान्यनामात विरले, आणि 'इस्रायल' या नावातही ते टिकून आहे. त्याची पत्नी अशेरा मात्र पुसली गेली. सिनाईतील कुंतिलेत अज्रूद येथे १९७५-७६ मध्ये सापडलेल्या, इ. स. पू. ८०० च्या सुमाराच्या लेखांत 'यहोवा आणि त्याची अशेरा' यांच्या नावे आशीर्वाद दिलेला आहे. येथे अशेरा म्हणजे देवी की तिचा पवित्र खांब, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. १६११ च्या इंग्रजी बायबलात तर तिच्या नावाचे भाषांतर 'राई' असे झाले. देवीचे झाड झाले, आणि वाचकांना पत्ताही लागला नाही!

बआलच्या वाट्याला विटंबना आली. 'बआल' या शब्दाचा अर्थ स्वामी, धनी, पतीही. शौल राजाच्या पुत्राचे एशबआल हे नाव बायबलाच्या एका ग्रंथात टिकले आहे. दुसऱ्या ग्रंथात मात्र तेथे 'ईश-बोशेथ' असे आढळते, आणि बोशेथ म्हणजे लाज. एक्रोनचा देव बआल-जबूब हा शुभवर्तमानांत भुतांचा अधिपती 'बालजबूल' झाला. कुराणाच्या ३७व्या सूरेत इल्यास पैगंबर, श्रेष्ठ निर्मात्याला सोडून बआलला का हाक मारता, असा जाब आपल्या लोकांना विचारतात. १६६७ मध्ये मिल्टनने आपल्या महाकाव्यात या दैवतांना नरकात पडलेल्या सैतानी सेनेत उभे केले.

परंतु ज्याची निंदा केली, त्याचीच भाषा विजेत्यांनी उचलली. मेघांवर आरूढ होण्याचा बआलचा मान स्तोत्रसंहितेत यहोवाला मिळाला. बआलच्या कथेतील लोतान हा सात मस्तकांचा सर्प लिव्याथान होऊन यहोवाच्या हातून मरतो. उगारितमध्ये मोत देवाला गिळतो. यशयाच्या २५व्या अध्यायात देवच मृत्यूला गिळून टाकतो, आणि तेथील मृत्युवाचक हिब्रू शब्द 'मोत'चाच सगोत्र आहे. याला उसनवारी म्हणून हिणवणे आम्हांस उचित वाटत नाही. इस्रायली लोक त्याच भूमीत, त्याच भाषाकुळात वाढले होते; नवी श्रद्धा जुन्या शब्दांखेरीज बोलणार तरी कशी?

बआलचा सर्वांत कडवा प्रतिपक्षी एलिया. कर्मेल पर्वतावर त्याने बआलच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान दिले ते अवर्षणाच्या काळात, म्हणजे पर्जन्यदेवाच्या स्वतःच्याच क्षेत्रात. त्याच एलियाचे, एलियाहू हन्नाबीचे, स्मरण कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाज मलिद्याच्या विधीत करत आला आहे. या नावाचा अर्थ 'यहोवा हाच माझा देव'. पण त्यातला 'देव' हा शब्द कोणता? तोच एल. विजयाच्या घोषणेतही पराभूतांच्या कुळातील शब्द उच्चारला जातो. म्हणून कोणत्याही परंपरेचे खंडन वाचताना, खंडनकर्त्याने प्रतिपक्षाकडून काय घेतले, हेही विद्यार्थ्यांनी शोधावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.